एका घराचे तीन मालक आणि एक मेलेला हत्ती

१

त्या घरात खून झाला तेव्हा आमचा आठवडा चालू नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. माझं नाव संशयितांत आलं असतं तर मला उलट बरंच वाटलं असतं, या वयात कोण कुणावर संशय घेतो? पण माझी ताई म्हणते, गोष्ट सांगताना आधी कोण कुठे होतं ते सांगावं, म्हणजे ऐकणाऱ्याला सारखं मागे वळून बघावं लागत नाही.

मेला तो एक हत्ती. बुद्धिबळातला. काळा, लाकडी, अंगठ्याएवढा. तरीही त्या सकाळी बाईंचा फोन आला तेव्हा आवाज असा होता की मला वाटलं, नक्कीच कुणीतरी जिन्यावरून गडगडलंय.

"मी बोलतेय," बाई ताईला म्हणाल्या. "माझ्या कपाटात कुणीतरी हात घातलाय. ह्यांच्या पटावरचा हत्ती मारलाय. संध्याकाळी दलाल कागद घेऊन येतोय आणि मी सही करणार आहे. नंतर म्हणाल कळवलं नाही, म्हणून हा फोन."

आणि ठेवला. जन्मभर शाळेत शिकवलेलं, समोरच्याचं उत्तर ऐकायचं ते फक्त परीक्षेत.

ताईने चष्मा पुसला. ती घाबरली की चष्मा पुसते. घर तळ्याकाठचं होतं आणि त्याचे मालक तीन होते: ताई आणि मी, दातांचे डॉक्टर आणि त्यांचं बिऱ्हाड, आणि शाळेतल्या बाई. आठवडे वाटून घेतलेले. आधी आमचा, मग डॉक्टरांचा, मग बाईंचा, की पुन्हा आमचा. करारात एक वाक्य होतं: तिघांतल्या एकाने जरी अंग काढून घेतलं तरी घर विकायचं. गिऱ्हाईक तर दारातच बसलं होतं, एक हॉटेलवाला. बाईंनी सही केली की संपलं. आमच्या शहरातल्या खोलीच्या खिडकीतून फक्त शेजाऱ्याची खिडकी दिसते. तळ्याकाठचं ते घर म्हणजे आमच्या वाट्याला आलेलं सगळं आकाश. आणि मामा, म्हणजे घराची देखभाल करणारे, घरामागच्या खोलीतच राहायचे. त्यांना तर जायला दुसरी जागाच नव्हती.

"ऊठ, धाकट्या," ताई म्हणाली. "संध्याकाळच्या आत त्या हत्तीला कुणी मारलं ते शोधायचं."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर तू शेजाऱ्याच्या खिडकीशी मैत्री कर."

२

तिथे पोचेपर्यंत तुम्हाला ताईबद्दल थोडं सांगतो. ती कॉम्प्युटरच्या खोलीची मुख्य होती. हल्लीचे कॉम्प्युटर नव्हेत, मांडीवर घ्यायचे. आमचा कॉम्प्युटर म्हणजे एक दालनच होतं, आणि त्याला गार ठेवायला तिथे इतकी थंडी सोडलेली असायची की आमच्या सावल्या भिंतीला गोठून चिकटायच्या. घरी जाताना उलथन्याने खरवडून काढाव्या लागत. मी तिथे कागद पुरवायचं काम करायचो. माझी सावली एकदा तिथेच राहिली, ती अजून तिथे कागद पुरवत असणार.

तर यंत्र एक आणि वापरणारे ढीगभर. प्रत्येकाच्या टेबलावर एक पडदा आणि एक कळफलक. यंत्र काय करायचं, की एकाचं काम डोळ्याचं पातं लवेपर्यंत करायचं, ते होतं तसं जपून बाजूला ठेवायचं, दुसऱ्याचं काढायचं, तेही पातं लवेपर्यंत, मग तिसऱ्याचं. असं गरगर फिरत राहायचं, इतक्या वेगाने की प्रत्येकाला वाटे, यंत्र माझ्या एकट्याच्या दिमतीला आहे. याला टाइम-शेअरिंग म्हणत. शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच यंत्रात आपल्यासारखाच घुसलेला आहे, याचा पत्ता कुणाला लागू द्यायचा नाही, हीच त्यातली कला.

निवृत्त झाल्यावर ताईने ती घरावर चालवली. मालक एकमेकांना भेटता कामा नयेत, म्हणून जाणाऱ्याने सकाळी जायचं, येणाऱ्याने संध्याकाळी यायचं. मधल्या वेळात मामा एकाचे पडदे, चादरी, भिंतीवरच्या तसबिरी उतरवून त्याच्या कपाटात ठेवणार आणि दुसऱ्याच्या लावणार. आमचे पट्ट्यापट्ट्यांचे पडदे जात आणि डॉक्टरांचे निळे येत. निळे जात आणि बाईंच्या भिंतीवर त्यांच्या यजमानांनी काढलेला तळ्याचा मोठा नकाशा चढे. दार उघडावं तर घर आपलंच, काल सोडून गेल्यासारखं. हे इतकी वर्षं चाललं होतं, पण डॉक्टरांच्या घरातली मंडळी आम्ही फक्त करारावर सही करताना पाहिलेली, तीही सगळी नाही.

बाई दारातच उभ्या होत्या.

"आलात? बघा." त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

खिडकीत छोटं टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या, मध्ये बुद्धिबळाचा पट. मोहरे अर्ध्या डावात थांबलेले. बाईंचे यजमान, आम्ही त्यांना नकाशेकाका म्हणायचो, गेल्या वर्षी वारले. हा त्यांचा शेवटचा डाव. पूर्वी तो कायम या खिडकीतच मांडलेला असायचा. काका गेल्यावर बाईंनी तो आपल्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. निघताना स्वतःच्या हाताने, मोहऱ्यांसकट, श्वास रोखून आत सरकवायच्या. आल्यावर तशाच बाहेर काढायच्या.

"तुम्ही खेळता?" ताईने विचारलं.

"छे! घोडा अडीच घरं चालतो म्हणे. अर्धं घर कसं चालायचं, हे मला कळलेलं नाही. पण मी एकेक मोहरा पुसून जागच्या जागी ठेवते. कोण कुठे उभा आहे ते मला वर्गातल्या मुलांसारखं पाठ आहे. काळा हत्ती इथे होता. काल संध्याकाळी कपाट उघडलं तर त्याच्या जागी हा पांढरा वजीर!"

"आणि हत्ती?"

"तिकडे. मेलेल्यांत."

पटाच्या रुंद लाकडी काठावर मेलेले मोहरे रांगेत उभे होते, काळे एकीकडे, पांढरे एकीकडे, सगळे तोंडं भिंतीकडे करून. घोड्यांवरून ते कळत होतं. आणि हत्तींवरूनही, कारण या संचातल्या हत्तींना सोंडा होत्या. नवा मेलेला हत्तीही सोंड भिंतीला लावून शहाण्यासारखा उभा होता.

"हे असं तोंड फिरवून ठेवणं कुणाचं?" ताई वाकून म्हणाली.

"ह्यांचंच. म्हणायचे, मेलेल्यांना पुढचा डाव बघायला लावू नये, जीव तुटतो त्यांचा." बाईंचा आवाज जरा हलला, पण लगेच ताठ झाला. "तुमच्या नियमांवर विश्वास ठेवून मी इथे त्यांची आठवण ठेवली होती. कुलूप लावून. आता नाही ठेवणार."

"काका खेळायचे कसे? एकटेच?"

"एकटेच. त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसून. जरा वेडच होतं ते. आम्ही इथे आलो की पायातले बूटही न काढता आधी पटाशी जायचे. कधी हसायचे, कधी कपाळाला आठ्या. एकदा तर म्हणाले, 'अरे लबाडा!' मी विचारलं, कुणाला म्हणता? तर म्हणाले, 'आहे एक.'"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं. फरक एवढाच, की तिला काहीतरी दिसलं होतं.

३

"मामा," ताईने हाक मारली, "कपाटाची दुसरी किल्ली तुमच्याकडे ना?"

मामा हातात झाडू घेऊन आले. झाडायला काही नव्हतं, पण हातात झाडू असला की त्यांना बोलायला बळ येतं.

"माझ्याकडेच. पडदे काढायला लागते."

"पटाला हात लावलात?"

"नाही."

"कधीच?"

"बाईंनी सांगितलंय, हात लावायचा नाही. म्हणजे नाही."

ताई बाईंच्या कपाटाशी गेली, आत डोकं घातलं आणि शिंकली. मग आणखी शिंकली. ताईला औषधाच्या वासाने शिंका येतात. लहानपणी कुठल्याही दवाखान्याच्या पाटीसमोरूनही ती शिंकत जायची.

"मामा, बाकीच्या फळ्या काळपट आहेत आणि खालची फळी कोरी करकरीत. हे कसं?"

झाडू खाली आला.

"वाळवी," मामा पुटपुटले. "तुमचा आठवडा संपला त्या सकाळी पडदे बदलताना या कपाटाखाली माती दिसली, म्हणून उघडलं. खालची फळी पार पोखरलेली. बाईंना कळवलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मी येईपर्यंत थांबा. तोवर वरची फळीही गेली असती, आणि पट तिच्यावर. म्हणून सुताराला बोलावलं."

"आणि पट?"

"बाहेर काढला." मामांनी बाईंकडे न बघता सांगितलं. "दोन्ही हातांनी, पावलं मोजत... देवाशप्पथ, एक प्यादंसुद्धा हललं नाही. पूर्वी जिथे असायचा तिथेच ठेवला, खिडकीत. औषध वाळेपर्यंत कपाट उघडंच ठेवायचं होतं, सुतार म्हणाला. डॉक्टरांचा आठवडा सगळा तो तिथेच होता. काल सकाळी ते गेल्यावर सुताराने नवी फळी बसवली आणि पट पुन्हा आत."

"म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," बाई म्हणाल्या.

"काल तुम्ही ओरडलात, तेव्हा माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं, बाई. मग ते परत घ्यायला रस्ताच सापडेना."

"ठेवताना हत्ती नाही हे दिसलं नाही तुम्हाला?"

"मला सगळे सारखेच दिसतात. मी फक्त काही पडलंय का ते बघितलं."

बाईंनी कपाटाचं दार लावून घेतलं. शिकवणाऱ्या माणसाने गप्प बसावं यासारखी भीतीदायक गोष्ट नाही. मामा झाडूला टेकून उभे राहिले आणि मला वाटलं, आता ते त्या झाडूनेच स्वतःला बाहेर लोटणार.

"मामांनी मारला नाही," ताई म्हणाली.

"कशावरून?"

"मामांना माहीत नाही की मेलेल्यांची तोंडं भिंतीकडे का आहेत. माहीत नसलेल्या माणसाने हत्ती खिशात घातला असता, नाहीतर टेबलावर आडवा टाकला असता. ज्याने मारला त्याला काकांची ही रीत ठाऊक होती."

"म्हणजे घरातलाच कुणीतरी!"

"आत्ता एक गाडी आली," मी खिडकीतून म्हणालो. "आणि तिच्यातून जो उतरतोय त्याने घराकडे बघितलं ते टेप लावून मोजल्यासारखं."

४

दलाल वेळेच्या फार आधी आला होता. त्याची नजर अशी की तो तुमच्याशी बोलत असला तरी तुमच्या मागच्या भिंतीची रुंदी काढत असतो.

"नमस्कार, नमस्कार! अहो, इतकं मनाला लावून काय घ्यायचं? टाइम-शेअरच्या मालमत्तेत भांडणं व्हायचीच. माझा तर धंदाच त्यावर चालतो."

"टाइम-शेअर हा शब्द आम्ही तुमच्याआधी वापरला," मी म्हणालो. "आमच्याकडून उसना नेलाय तुम्ही लोकांनी. परत द्या."

"बाई," दलाल म्हणाला, "एक लक्षात घ्या. तुम्हाला वाटतं हे घर तुमचं. तसं नाही. तुमचं इथलं एकही दार नाही, एकही वीट नाही. तुमचे आहेत ते आठवडे. आठवड्यात आठवण ठेवायची म्हणजे पाण्यात खुंटी ठोकायची. विकून मोकळ्या व्हा."

ताई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "तुमच्या बुटाला हा कोरा लाकडाचा भुसा कुठला?"

"भुसा?"

"सुतार कालच्या सकाळपर्यंत इथे काम आवरत होता. मामा, काल दुपारी हे आले होते?"

"आले होते," मामा म्हणाले. "डॉक्टरांनी पाठवलंय म्हणाले. सोबत एक कोटवाले होते."

तो कोटवाला हॉटेलवाला होता, हे दलालाने दोन घोट पाणी पिऊन कबूल केलं. डॉक्टर सकाळी गेले आणि बाई संध्याकाळी यायच्या, मधल्या रिकाम्या वेळात डॉक्टरांचं नाव खोटंच सांगून तो गिऱ्हाइकाला खोल्या दाखवून गेला होता.

"यंत्रातही असे असायचे," ताई म्हणाली. "एकाचं काम थांबलं, दुसऱ्याचं सुरू व्हायचंय, तेवढ्यात आपलं घुसवून घ्यायचं. पण हत्ती यांनी मारला नाही."

दलाल दुखावला. "का नाही? म्हणजे... नाहीच मारला, पण का नाही?"

"कारण भांडण लावायचं असतं तर तुम्ही पट उधळून दिला असता. एवढ्या नेमकेपणाने एकच चाल करून थांबण्याचा सोशिकपणा तुमच्यात नाही."

तेवढ्यात दुसरी गाडी थांबली. दातांचे डॉक्टर. ताईने त्यांना फोन करून बोलावलं होतं. ते माणूस म्हणून चांगले, फक्त जन्मभर तोंड उघडं ठेवून बसलेल्या लोकांना प्रश्न विचारल्यामुळे त्यांना उत्तराची वाट बघायची सवय राहिलेली नाही.

"काय झालं? कुणी मारला? मला विचारताय? मला ओ की ठो कळत नाही त्या खेळातलं! पट होता का खिडकीत? होता वाटतं. मी तर गळ टाकून तळ्यावरच होतो. मासा? छे, मासा कसला! गाडीत सासूबाई आहेत, त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून आणलं. पायऱ्या नको म्हणाल्या. बसल्यात पेंगत."

"तुमच्या घरात बुद्धिबळ कोण खेळतं?" त्यांनी श्वास घेतला तेवढ्यात ताईने विचारलं.

"कुणीच नाही! अहो, आमच्या घरात पत्तेसुद्धा नाहीत."

बाईंनी हात जोडले. "झालं? मामा नाही, दलाल नाही, डॉक्टर नाही. आता ह्यांचं भूत आलं होतं म्हणा. आणा हो कागद तुमचे."

दलालाने पिशवी उघडली, आणि पेनाचं टोपण काढून पेन बाईंच्या हातात दिलं.

५

"एक मिनिट," ताई म्हणाली. "बाई, सही करा, पण एवढं ऐकून करा."

ती पटाशी जाऊन उभी राहिली.

"ज्याने हत्ती मारला त्याने एकच चाल केली. पांढऱ्याची. पट आठवडाभर उघडा होता, बघायला कोणी नव्हतं, मनात आलं असतं तर डाव शेवटाला नेता आला असता. तो एका चालीवर थांबला. का थांबला?"

"कंटाळला," डॉक्टर म्हणाले.

"पुढची चाल त्याची नव्हती म्हणून. आमच्या यंत्राचा सगळा खेळ यावर चालायचा. आपला वाटा संपला की हात काढायचा, समोरच्याला त्याचा वाटा द्यायचा, आणि आपला परत येईपर्यंत थांबायचं. हा माणूस थांबलाय, बाई. काळ्या मोहऱ्यांच्या मालकाची वाट बघत."

"सगळेच मोहरे तर ह्यांचे."

"काळेच फक्त. तुम्ही म्हणालात ना, काका एकाच खुर्चीत बसायचे? दोन्ही बाजूंनी खेळणारा माणूस उठून पलीकडे जातो, नाहीतर पट फिरवतो. आणि स्वतःशीच खेळणारा माणूस दारातून धावत येऊन पटावर काय झालंय ते बघत नाही. त्याला माहीतच असतं. काका हसायचे, आठ्या घालायचे, 'लबाडा' म्हणायचे. कारण ते नसताना पट बदललेला असायचा."

बाई खुर्चीत बसल्या. पेन अजून हातातच होतं.

"काका आपल्या आठवड्यात एक चाल करायचे. मग आमचा आठवडा. पट आम्हालाही दिसायचा, पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही हा माझाच नियम. मग डॉक्टरांचा आठवडा, आणि त्यात उलटी चाल. मेलेल्यांची तोंडं फिरवायची रीत दोघांची मिळून. मग काका गेले, तुम्ही पट कपाटात नेला, आणि समोरच्या माणसाचा डाव अधांतरी राहिला. वाळवीने तो पुन्हा खिडकीत आणला. आलेली संधी त्याने साधली."

"पण ह्यांना जाऊन वर्ष झालं!" बाई म्हणाल्या. "गेलेल्या माणसाशी कोण खेळेल?"

"तेच तर. गेलेल्या माणसाशी कुणीच खेळणार नाही. म्हणून मामा सुटले, दलाल सुटले, मी आणि धाकटा सुटलो. आम्हा सगळ्यांना काका गेल्याचं माहीत आहे. ज्याने चाल केली त्याला ते माहीतच नाही." ती डॉक्टरांकडे वळली. "बाईंच्या नावावर वाटा करायचा कागद तुमच्या सहीसाठी आला होता. काका गेले हे तुम्ही घरात कुणाला सांगितलंत?"

"बायकोला! लगेच सांगितलं."

"आणि?"

"आणि कुणाला सांगणार? घरात आम्ही दोघं, आणि..." डॉक्टर थांबले. त्यांना वाक्य अर्धं सोडताना मी प्रथमच पाहिलं. "पण त्यांना कशाला सांगायचं? त्यांनी तर काकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं!"

ताई तोवर दाराबाहेर पडलीसुद्धा होती.

६

गाडीत मागच्या सीटवर सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. शालीची घडी, त्यावर हात, आणि सगळ्या जगाला वाटावं की या झोपल्यात.

"हत्ती का मारलात?" ताईने खिडकीतून विचारलं.

एक डोळा उघडला.

"मारू नको तर काय करू? उघड्यावर टाकला होता त्यांनी. हत्ती पुढे करून पट घेऊन गेले, ते वर्षभर पत्ता नाही. मला वाटलं, हरायला लागले म्हणून पळाले. या वेळी बघते तर पट आपला जागेवर! म्हटलं, आले का ठिकाणावर. घेतला हत्ती."

"जावयांनी सांगितलं, तुमच्या घरात कुणी खेळत नाही."

"जावईबापूंनी मला कधी विचारलंय? ते मला फक्त 'दुखतंय का' एवढंच विचारतात."

ताईने चष्मा पुसायला घेतला. ती यंत्राशी हवं ते बोलू शकते, पण हे तिच्याच्याने होईना. तेव्हा बाई तिच्या मागून पुढे आल्या, गाडीचं दार उघडलं आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

"काळे मोहरे माझ्या यजमानांचे," बाई म्हणाल्या. "ते गेले. गेल्या वर्षी. पट मी कपाटात ठेवला होता. मला माहीत नव्हतं तुम्ही आहात ते."

सासूबाईंनी दुसराही डोळा उघडला. त्यांनी शालीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"आणि मी त्यांना भित्रे म्हणत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "वर्षभर. मनातल्या मनात."

"ते तुम्हाला लबाड म्हणायचे. मोठ्याने."

"खरंच?" सासूबाईंचे ओठ हलले. "केव्हा हो? मी वजिराला कोपऱ्यातून काढलं तेव्हा असणार!"

"मला नाही कळत. पण बूट न काढता धावायचे तुमची चाल बघायला. मी पाठीमागे सामान घेऊन उभी. मला वाटायचं, ह्यांना या घराचा एवढा आनंद होतो." बाई थांबल्या. क्षणभर मला वाटलं, आता बिनसलं. कोणत्या बायकोला आवडेल? पण बाई एकदम हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "चला. उतरा. पायऱ्या मी धरून चढवते."

मामा धावले, डॉक्टर धावले, आणि मीही धावलो असतो, पण कुणीतरी मागून सूचना करायला लागतं. सासूबाईंना खिडकीशी नेलं. त्या पांढऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसल्या ते न बघताच, ओळखीच्या जागी बसावं तसं. मग त्यांनी पट नीट पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अगंबाई! फसवलं की मला!"

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हत्ती मुद्दाम टाकला होता त्यांनी. माझा वजीर राजाजवळून हलावा म्हणून. घाईघाईत मला दिसलंच नाही. हा तुमचा काळा घोडा बघा. तो उचलून इथे ठेवला की माझ्या राजाला मात. संपला डाव. ते जिंकले."

सगळे पटावर वाकले. दलालसुद्धा. त्याची नजर प्रथमच भिंतीवरून उतरून माणसांवर आली.

"ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "चाल तुमच्याकडे आलीय. त्यांचीच आहे. ठेवा घोडा, मी राजा आडवा करते. हक्काने जिंकलेत ते."

बाईंनी पेन दलालाच्या शर्टाच्या खिशात खोचलं आणि पलीकडच्या खुर्चीत बसल्या. घोडा उचलला. त्याला उगीचच पदराने पुसलं.

"हा ठेवला की सगळं आवरायचं?"

"आवरायचं."

"आणि तुम्ही जाणार तुमच्या आठवड्याला, मी माझ्या."

"नियम आहे ना यांचा," सासूबाईंनी ताईकडे हनुवटी केली.

"माझा नियम यंत्रासाठी चांगला होता," ताई म्हणाली आणि चष्मा पुसू लागली. "यंत्रावर बसलेल्यांना मी एकमेकांपासून लपवलं, कारण त्यांना काम करायचं होतं. इथे तुम्ही काय काम करणार होतात, कोण जाणे. रद्द. ज्याला ज्याच्या आठवड्यात यायचं त्याने यावं."

बाईंनी घोडा खाली ठेवला. सासूबाईंनी दाखवलेल्या घरात नव्हे. त्यांनी तो सरळ नाकासमोर एक घर पुढे सरकवला, एखाद्या प्याद्यासारखा, आणि हात मांडीवर घेतले.

"अहो, घोडा असा चालत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"माझा चालतो."

सासूबाईंनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. मग घोड्याकडे. मग बराच विचार केल्यासारखा चेहरा करून त्यांनी आपला उंट उचलला, जो जन्मभर फक्त तिरकाच चालत आला होता.

"बरं तर," त्या म्हणाल्या, "मग आज माझा उंटही सरळ चालेल."

आणि चालवला.